कान वॉर्डात गेले, की वॉर्डात सापडले?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

'माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. ३० वर्षं छापखान्यात यंत्रावर होते. दोन महिन्यांपूर्वी पोटातला जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि ५ आठवडे रुग्णालयात काढावे लागले. त्यातले ११ दिवस आयसीयू, काही दिवस व्हेंटिलेटर. मध्ये मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, तो आता निवळला आहे. घरी येऊन ३ आठवडे झाले. तब्येत सुधारते आहे, पण ऐकू येत नाही. कानात सतत सूं आवाज असतो, डाव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. हळू बोललं तर कळत नाही आणि मोठ्याने बोललं तर "ओरडतेस कशाला" म्हणतात. भाऊ म्हणतो, रुग्णालयातल्या इंजेक्शनांनी बाबांचे कान घालवले, आपण तक्रार करू. आई म्हणते, त्यांना आधीपासूनच कमी ऐकू यायचं, टीव्ही किती मोठा लावायचे आठव. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वॉर्डात तर त्यांना भ्रम झालाय असं लिहिलं होतं. पूर्वी रोज संध्याकाळी मला स्वतःहून फोन करायचे, आता माझा फोन आला की आईच्या हातात देतात. नक्की काय झालं असेल? ऐकणं परत येईल का? मशीन आत्ताच घ्यावं का? आणि औषधांनी बहिरं होणं रक्तात असतं असं वाचलं. मग मलाही तो धोका आहे का?'

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फोनबद्दल जे जाता जाता लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. भावाचा राग, आईने दिलेला टीव्हीचा दाखला आणि डॉक्टरांचं 'वय झालं', या तिन्हींपेक्षा मला ते वाक्य जास्त सांगून गेलं.

साध्या फोनवरून आवाजाचा एक मधलाच पट्टा येतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. समोर माणूस नसतो, ओठ दिसत नाहीत, हातवारे नसतात. त्यामुळे फोनवर रोज गप्पा मारू शकणाऱ्या माणसाचं मधल्या पट्ट्यातलं ऐकणं बऱ्यापैकी शाबूत आहे असं धरायला हरकत नाही. बाबा दोन महिन्यांपूर्वी फोनवर बोलत होते आणि आज बोलू शकत नाहीत, म्हणजे या दोन महिन्यांत काहीतरी गेलं आहे. आजारपणाने कान बिघडत नाहीत असं म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. पण टीव्ही कित्येक वर्षं मोठा लागत होता, तेव्हा सगळंच या दोन महिन्यांत गेलं असंही नाही. तुमच्या घरातला वाद दोन अर्ध्या-अर्ध्या बरोबर माणसांमधला आहे.

रुग्णालयातून आलेल्या रुग्णाचा कान तपासताना पहिला प्रश्न मी हाच विचारते: ऐकणं तिथे गेलं, की तिथे सापडलं?

सापडणं फार सामान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० वर्षांपुढच्या माणसांत चौघांतल्या एकाहून जास्त जणांना दैनंदिन व्यवहाराला अडचण यावी इतकं कमी ऐकू येतं. घरात हे कळत नाही, कारण घर सांभाळून घेतं. माणसं ओळखीची, विषय ठरलेले, बायको अर्धं वाक्य स्वतःच पूर्ण करते. रुग्णालयात गेल्यावर हे सगळे टेकू एकदम निघतात. बोलणारे अनोळखी, घाईत असलेले, तोंडावर मास्क. मास्कमुळे उंच पट्टीतले आवाज दबतात आणि ओठही दिसत नाहीत. चष्मा कपाटात असतो. भोवती मॉनिटरची टुकटुक चालू असते. अशा वेळी 'आजोबा, आज वार कोणता?' या प्रश्नाला 'हो, जेवलो' असं उत्तर येतं आणि कागदावर 'गोंधळलेले' अशी नोंद होते.

बाबांना खराच भ्रम झाला नसेल असं मी म्हणत नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या, आयसीयूत असलेल्या वयस्क माणसाला भ्रम होणं अगदी शक्य आहे आणि कमी ऐकू येणाऱ्यांना तो होण्याची शक्यता आणखी वाढते. पण दोन्हींची गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता त्या नोंदीवर माझा चटकन विश्वास बसत नाही. एका आजींची तपासणी करायला मला वॉर्डात बोलावलं होतं. त्या चार दिवस कुणाशीच धड बोलत नव्हत्या, फाइलमध्ये स्मृतिभ्रंशाची शंका लिहिली होती. त्यांची दोन्ही मशीनं उशाशेजारच्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. हरवू नयेत म्हणून नातवाने जपून ठेवली होती बिचाऱ्याने. ती कानात घातल्यावर आजींनी पहिला प्रश्न विचारला तो जेवण इतकं उशिरा का येतं हा.

आता 'तिथे गेलं' या बाजूकडे वळू. त्याआधी एक सांगते, कारण भावाने इंटरनेटवर बरेच आकडे वाचलेले दिसतात. रुग्णालयातल्या रुग्णांत बहिरेपणाची कारणं कोणती, याचं उत्तर तुम्ही कुठल्या दारात उभे आहात त्यावर ठरतं. कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात मळ, फुटलेले पडदे, वाहणारे कान यांची गर्दी असते. कॅन्सरच्या वॉर्डात सिसप्लॅटिन नावाचं औषध घेणारे असतात. ते आतल्या कानात उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतं. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात अपुऱ्या दिवसांची, जोराची कावीळ झालेली बाळं असतात, आणि निरोगी बाळांच्या तुलनेत त्यांच्यात बहिरेपण कितीतरी जास्त आढळतं. मेंदूज्वर होऊन गेलेल्यांत आतल्या कानाच्या पोकळीत हाड धरू लागतं, म्हणून तिथे तपासणीला आठवड्यांचासुद्धा उशीर चालत नाही. मधुमेही आणि मूत्रपिंडाचे रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतात आणि त्यांचे कान मुळातच नाजूक असतात. जोसेफ बर्कसन या संख्याशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच दाखवून दिलं होतं की रुग्णालयात पोचलेल्या माणसांवरून काढलेली नाती बाहेरच्या समाजाला जशीच्या तशी लावता येत नाहीत, कारण रुग्णालयात दाखल होणं हीच एक चाळणी असते. तेव्हा 'इतक्या टक्के लोकांचे कान इंजेक्शनांनी जातात' असा आकडा दिसला की ते लोक कुठल्या वॉर्डातले होते हे आधी बघायचं. बाबांच्या कानाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

बाबांच्या कानाबद्दल बाबांचा कानच सांगेल. तो बाहेरून आत असा पाहायचा.

सगळ्यात बाहेर मळ. हसू नका. महागड्या तपासण्या करून, मशीनची ऑर्डर देऊन आलेल्या माणसाच्या कानातून मळाचा खडा निघाला आणि तो समाधानाने घरी गेला, असं दरवर्षी घडतं. आजारपणात कुणी कापसाच्या काडीने 'साफ' केलं असेल तर मळ आत ढकलला जाऊन पडद्यापाशी ठासलेला असतो. डाव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, याचं कारण एवढंच असू शकेल. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहीपर्यंत कानात काहीही घालू नका.

त्याच्या आत पडदा आणि पडद्यामागची हवेची पोकळी. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. एरवी आपण गिळतो तेव्हा ती उघडते आणि हवा आत-बाहेर होते. बाबा कित्येक दिवस उताणे झोपून होते, व्हेंटिलेटरवर असताना गिळत नव्हते आणि बहुधा नाकातून अन्ननळीही घातलेली असेल. अशा माणसांत ती नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साठतं. आयसीयूतून आलेल्यांत हे बरेचदा आढळतं आणि कुणी सहसा पाहत नाही. हे पाणी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. ते आहे की नाही हे टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीत, दोन मिनिटांत कळतं, दुखत काहीच नाही.

घरच्या घरी एक छोटी गंमत करून पाहा. बाबांना तोंड मिटून लांब 'म्म्म्' असं गुणगुणायला सांगा आणि आवाज कुठल्या कानात जास्त घुमतो ते विचारा. डाव्या, म्हणजे दडे बसलेल्या कानात घुमत असेल, तर तिथे बहुधा मळ किंवा पाणी आहे. उजव्या, म्हणजे त्यातल्या त्यात बऱ्या कानात घुमत असेल, तर डाव्या कानाचा दोष आतल्या भागात असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे सारखंच वाटलं तर यातून काही ठरत नाही. डॉक्टर ध्वनिकाटा कपाळावर टेकवून जे करतात, त्याची ही गरिबाघरची आवृत्ती. तपासणीला पर्याय म्हणून ती वापरू नका.

सगळ्यात आत शंखासारखी गुंडाळलेली नळी, कर्णावर्त. भावाचा संशय इथला आहे आणि तो निराधार नाही.

प्रत्येक कर्णावर्तात जन्मतः १५-१६ हजार केसपेशी असतात, बस्स. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि टोकाकडच्या खालच्या पट्टीचे. काही औषधं या पेशींना मारतात, आणि मारायला सुरुवात करतात ती तोंडाकडून. म्हणून आधी ८००० हर्ट्झच्या वरचं ऐकणं जातं. त्याची जाणीव कुणालाच होत नाही, कारण बोलण्याला त्याची फारशी गरज नसते. मग नुकसान खाली उतरत बोलण्याच्या पट्ट्यात येतं, आणि तेव्हा कुठे माणूस म्हणतो, 'अचानक' ऐकू येईनासं झालं.

रुग्णालयात यासाठी सर्वात जास्त बदनाम असलेला गट अमिनोग्लायकोसाइड या प्रतिजैविकांचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधांचा: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन. यातलं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, क्षयावरचं पहिलं खरं औषध म्हणून त्याचा जयजयकार झाला, आणि थोड्याच काळात बरे झालेले रुग्ण चक्कर आणि बहिरेपणाची तक्रार घेऊन परत येऊ लागले. म्हणजे हा दोष आजचा नाही, औषधाच्या जन्मापासूनचा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनची इंजेक्शनं जगभर महिनोन्‌महिने दिली जात. पोटात घ्यायची नवी औषधं आल्यावर २०१८-१९ च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेने ती शिफारशीतून काढली, त्यामागे कानांचं हे नुकसान हे एक मोठं कारण होतं.

तुम्ही डिस्चार्ज कार्डाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. त्यावर अमिकासिन आहे, १२ दिवस. फ्युरोसेमाइड आहे, म्हणजे लघवी होण्याचं औषध, तेही शिरेतून. आणि त्याच दिवसांत क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारा घटक, चढलेलं दिसतं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या नाहीत. अमिकासिन शरीरातून बाहेर पडतं ते मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडं मंदावली की ते रक्तात साठतं, आणि त्याच वेळी फ्युरोसेमाइड दिलं तर आतल्या कानाची राखण करणारी भिंत सैल होऊन औषध आत जास्त शिरतं. नुसतं फ्युरोसेमाइड भरभर दिल्याने ऐकणं कमी झालं तर ते बहुधा परत येतं. दोघं एकत्र आले की हानी कायमची होण्याचा धोका बराच वाढतो. वय आणि छापखान्यात ३० वर्षं झिजलेले कान ही वरची भर.

तेव्हा 'इंजेक्शनांचा संबंध असू शकतो का', याला माझं उत्तर आहे: हो, आणि बराच. पण 'इंजेक्शनांनीच घालवले' हे सिद्ध करायला दाखल होण्याआधीच्या श्रवणतपासणीचा आलेख हवा, आणि तो नाही. आयसीयूतल्या रुग्णांची खरी अडचण हीच असते. ज्याच्या नळ्या काढलेल्या नाहीत, ज्याला गुंगीत ठेवलंय, तो 'माझ्या कानात सूं होतंय' असं कसं सांगणार? कान जात असतात आणि साक्षीदार कुणीच नसतो. घरी आल्यावर कळतं, तोवर औषध थांबून आठवडे उलटलेले असतात.

आधीचा आलेख मिळवायची एकच जागा मला सुचते: छापखाना. गोंगाटाच्या ठिकाणी कामगारांची श्रवणतपासणी वेळोवेळी होत असेल, तर बाबांच्या जुन्या कागदांत एखादा आलेख सापडेलही. पिवळा पडलेला, दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असला तरी मला चालेल. सोन्यासारखा जपून आणा.

नवा आलेख, म्हणजे ऑडिओमेट्री, या आठवड्यातच करून घ्या. तो कसा वाचायचा हे थोडं सांगते, म्हणजे समोरचा माणूस 'नस कमजोर आहे' एवढं म्हणून तुमची बोळवण करणार नाही. आडव्या रेघेवर पट्टी असते, डावीकडे २५० हर्ट्झचा खर्ज, उजवीकडे ८००० हर्ट्झचा टिपेचा आवाज. उभ्या रेघेवर डेसिबल. रेघ जितकी खाली तितकं ऐकू येणं कमी. २० डेसिबलच्या आत असेल तर कान उत्तम. ३५ ते ५० म्हणजे मध्यम दोष, ६५ च्या पुढे तीव्र. प्रत्येक कानाच्या दोन रेघा असतात, एक हवेतून ऐकण्याची, दुसरी कानामागच्या हाडातून. हाडातली रेघ चांगली आणि हवेतली वाईट असेल, तर अडथळा मळाचा किंवा पाण्याचा आहे, आणि तेवढा भाग परत मिळण्यासारखा आहे. दोन्ही रेघा हातात हात घालून खाली गेल्या असतील, तर दोष आतला. गोंगाटाने झिजलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो आणि ८००० ला रेघ थोडी वर येते. वयाने आणि औषधाने मात्र रेघ उजवीकडे घसरतच जाते, घसरगुंडीसारखी, आणि साधारण दोन्ही कानांत सारखीच. म्हणून एका आलेखावरून 'हे वय, हे औषध' अशी वाटणी कुणालाच करता येणार नाही. तसं छातीठोकपणे सांगणारा भेटला तर सावध राहा, मग तो भावाच्या बाजूने बोलत असो वा डॉक्टरांच्या.

उजवीकडची घसरगुंडी म्हणजे रोजच्या बोलण्यात काय, तर स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. स, श, त, क, ख यांचा जीव उंच पट्टीत असतो. त्यामुळे 'काका आले' आणि 'पापा आले' एकच वाटतं, 'सात' आणि 'आठ' यांत घोळ होतो. माणूस म्हणतो, 'आवाज येतोय, शब्द कळत नाही.' आणि तुम्ही ज्यावरून त्रासला आहात ते, हळू बोललं तर कळत नाही आणि मोठ्याने बोललं तर ओरडतेस, हा बाबांचा हेका नाही. केसपेशी गेलेल्या कानात अगदीच ऐकू न येणं आणि असह्य होणं यांच्यामधली जागा आक्रसते. शंभर पायऱ्यांचा जिना वीस पायऱ्यांचा होतो. म्हणून ओरडून काही होत नाही. हातभर अंतरावर, समोर, तुमच्या चेहऱ्यावर उजेड पडेल असं बसा, नेहमीच्या आवाजात, थोडं सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. रात्री उठल्यावर बाबा भिंतीला धरून चालतात का? अंधारात तोल जातो का? चालताना समोरच्या वस्तू हलल्यासारख्या दिसतात का? तोल सांभाळणारा अवयव कर्णावर्ताच्या शेजारीच असतो आणि हीच औषधं त्यालाही इजा करतात. दोन्ही बाजू सारख्याच गेल्या तर गरगरत नाही, त्यामुळे माणूस चक्कर येते अशी तक्रारच करत नाही. नुसता अडखळतो, आणि आजारपणातला अशक्तपणा म्हणून सोडून दिलं जातं. उत्तर 'हो' असेल तर तपासणीच्या वेळी ते स्वतःहून सांगा. त्यावर व्यायाम आहेत आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. तोवर पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर दिवा चालू ठेवा. बहिरेपणाने माणूस मरत नाही, पण पडून मांडीचं हाड मोडलं तर पुन्हा रुग्णालयात जावं लागेल.

ऐकणं परत येईल का? मळाचं आणि पाण्याचं जे असेल ते येईल. केसपेशींचं गेलेलं येत नाही, आणि तसं औषध आहे म्हणून कुणी काही विकायला आलं तर दार लावून घ्या. शिवाय ही औषधं कर्णावर्तात बराच काळ रेंगाळत असल्याने इंजेक्शन बंद झाल्यावरही काही आठवडे ऐकणं आणखी उतरू शकतं. म्हणून आत्ताचा आलेख शेवटचा समजू नका. महिन्या-दीड महिन्याने दुसरा करा, मग सहा महिन्यांनी तिसरा. या काळात कानावर मोठे आवाज पडू देऊ नका.

मध्येच कधी एका कानाचं ऐकणं तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. तीन दिवसांच्या आत असं झालं तर ते वेगळंच दुखणं असतं. त्यावर स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो, पण पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं लवकर तितकं बरं. तसंच, मळ आणि पाणी नसताना एक कान दुसऱ्यापेक्षा बराच वाईट निघाला, तर इंजेक्शनांवर खापर फोडून मोकळं होऊ नका. कानाच्या नसेवर गाठ नाही ना, यासाठी एमआरआय करावा लागतो.

मशीन: घ्यायचंच आहे, पण मळ आणि पाण्याचा निकाल लागल्याशिवाय नाही. दुसरा आलेख पहिल्यासारखाच आला की दोन्ही कानांसाठी घ्या. थोडाफार फरक राहिला तरी हल्लीची मशीनं आलेखाप्रमाणे पुन्हा जुळवून देता येतात, त्यामुळे सहा महिने शांततेत काढण्याची गरज नाही. मधल्या काळासाठी खिशात ठेवायचा साधा ध्वनिवर्धक मिळतो, हेडफोन लावून वापरायचा. दिसायला ओबडधोबड असतो, पण घरातलं संभाषण पुन्हा सुरू करतो. कानातली सूं बऱ्याच जणांत मशीन लागल्यावर मागे पडते.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. एमटी-आरएनआर-१ या जनुकात एक विशिष्ट बदल असलेल्या माणसाला या गटातल्या औषधाच्या मोजक्या डोसांनीही बहिरेपण येऊ शकतं. पण हे जनुक पेशीच्या केंद्रकात नसतं, मायटोकॉन्ड्रियात असतं, आणि मायटोकॉन्ड्रिया मुलांना फक्त आईकडून मिळतात. म्हणजे बाबांमध्ये तो बदल असलाच तरी तो तुमच्यात किंवा भावात उतरणार नाही. शक्यता असेल ती बाबांच्या भावंडांना आणि त्यांच्या बहिणींच्या मुलांना. आत्याला एवढं विचारा, तिच्याकडे कुणाला इंजेक्शनानंतर बहिरेपण आलं होतं का. बाबांच्या बाबतीत मात्र १२ दिवसांचं औषध, चढलेलं क्रिएटिनीन आणि फ्युरोसेमाइड ही कारणं पुरेशी आहेत, जनुकापर्यंत जाण्याची मला फारशी गरज वाटत नाही.

राहिला भाऊ. त्याला म्हणावं, जंतू रक्तात पसरलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर तासांच्या हिशेबाने निर्णय घेत असतात आणि अमिकासिन हे अशा वेळी वापरायचंच औषध आहे. ते दिलं ही चूक नाही. पण रागापेक्षा जास्त उपयोगाचे प्रश्न त्याच्याकडे आहेत, आणि ते विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे: क्रिएटिनीन चढल्यावर मात्रा किंवा डोसांमधलं अंतर बदललं का? रक्तातली औषधाची पातळी मोजली का? जंतूंचा अहवाल आल्यावर कानाला न बाधणारं दुसरं औषध शक्य होतं का? शुद्धीवर आल्यावर कुणी कानाबद्दल विचारलं का? रुग्णालयाकडून फाइलची प्रत मागा आणि शांतपणे उत्तरं घ्या. कदाचित सगळं नीट केलं असेल आणि तरीही कान गेले असतील. असं होतं. 'वय झालं' एवढं उत्तर मात्र मलाही पटलेलं नाही.

यापुढे बाबांना कधीही दाखल करावं लागलं, तर अमिनोग्लायकोसाइडने ऐकणं कमी झाल्याची शंका आहे, हे ॲलर्जी जिथे लिहितात तिथेच लिहायला लावा. दुसरा पर्याय असेल तर डॉक्टर तो निवडतील, जीवावर बेतलं आणि पर्याय नसेल तर तेच देतील, आणि तेव्हा अडवू नका. पलंगाच्या डोक्याशी जाड अक्षरात कागद चिकटवा: कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला. मशीनसाठी नाव लिहिलेली डबी ठेवा, कारण ती चादरीत गुंडाळून धुवायला जातात. मी सांगते म्हणून नाही, कुठल्याही वॉर्डातल्या परिचारिकेला विचारा.

आणि संध्याकाळचा फोन बंद पडू देऊ नका. उद्यापासून व्हिडिओ कॉल करा. फोन आईच्या हातात नको, टेबलावर टेकवून ठेवायला सांगा, म्हणजे बाबांना तुमचे ओठ दिसतील. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. पहिले काही दिवस विषय आधीच आईला सांगून ठेवा. कशाबद्दल बोलणं चाललंय हे माहीत असलं की गळालेली व्यंजनं माणूस स्वतःच भरून काढतो.